टाकीत पेट्रोल संपते तेव्हा

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यात दिंद्रुड नावाचे गाव आहे. समजा, उन्हाळ्यातल्या एका दुपारी या गावाच्या अलीकडे रस्त्यावर एक ठेंगणी, लाल रंगाची, बिनछपराची दोन माणसांची मोटार गचके खात खात थांबली. अशी मोटार आपल्याकडे सहसा दिसत नाही. तिचे नाव एम.जी.बी. इंग्लंडमध्ये १९६२ ते १९८० या काळात या गाड्या तयार झाल्या. आज त्या जुन्या मोटारींच्या शौकिनांनीच जपून ठेवलेल्या आहेत. गाडीभोवती शाळेतली मुले जमतात. मालक पुढचे झाकण उघडून इंजिनाकडे बघत राहतात. एवढ्यात मागून येणारा ट्रॅक्टरवाला उतरतो आणि म्हणतो, “साहेब, इंजिन मग बघा. आधी टाकीत काठी घालून बघा.”

काठी कोरडीच बाहेर येते. “पण काटा तर अजून पाव टाकी दाखवतोय!” असे मालक म्हणतात.

प्रसंग कल्पनेतला आहे, पण त्यातले प्रश्न खरे आहेत. पाव टाकी दाखवणारा काटा खोटे का बोलला? पेट्रोल संपल्यावर गाडी एकदम बंद न पडता आधी गचके का खाते? पेट्रोलच्या गाडीत लिटरभर पेट्रोल ओतले की ती चालू होते. मग ट्रॅक्टरमध्ये डिझेल ओतले तरी तो लगेच का चालू होत नाही? आणि टाकीत पेट्रोल असूनही कधी कधी गाडी पेट्रोल संपल्यासारखी का वागते? या साऱ्यांची उत्तरे शाळेतल्या भौतिकशास्त्रात आणि भूमितीत सापडतात.

एका लिटरमागे नऊ हजार लिटर

मोटारीच्या इंजिनात नुसते पेट्रोल जळत नाही. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण जळते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम, म्हणजे त्याला जवळजवळ ११ किलो हवा हवी. एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.२ किलो धरले, तर ही हवा सुमारे ९ घनमीटर, म्हणजेच ९,००० लिटर भरते! आपण लिटरभर पेट्रोल विकत घेतो, पण इंजिन त्याच्याबरोबर एका लहान खोलीत मावेल एवढी हवा फुकट ओढून घेते.

या एका लिटरमध्ये सुमारे ३.२ कोटी ज्यूल ऊर्जा असते. इंजिन तिच्यापैकी ढोबळमानाने पाव हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवते. बाकीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर जाते. तरीही उरलेले ८० लाख ज्यूल म्हणजे एका कष्टकरी माणसाच्या तीन-चार दिवसांच्या अंगमेहनतीएवढे काम झाले. पेट्रोल संपलेली मोटार ढकलत पेट्रोलपंपापर्यंत न्यायची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्याला हे गणित वेगळे समजावून सांगायला नको.

हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाण जमवण्याचे काम जुन्या गाडीत कार्ब्युरेटर करतो. त्याच्या शेजारी एक लहान वाटी असते. वाटीत एक पोकळ तरंगता गोळा, म्हणजे फ्लोट असतो. वाटीत पेट्रोल भरत गेले की फ्लोट वर उचलला जातो आणि पेट्रोल येण्याचे भोक सुईसारख्या झडपेने बंद करतो. पेट्रोल खर्च झाले की फ्लोट खाली उतरतो, भोक उघडते आणि नवे पेट्रोल आत येते. घराच्या गच्चीवरील टाकीत पाण्याची पातळी राखणारा बॉल कॉक अगदी याच तत्त्वावर चालतो.

गाडी गचके का खाते?

टाकीतले पेट्रोल संपले तरी कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल शिल्लक असते. आपल्या लाल मोटारीला दोन कार्ब्युरेटर आहेत. दोन्ही वाट्यांत मिळून १०० मिलिलिटर पेट्रोल उरले आहे आणि गाडी लिटरला १० किलोमीटर धावते असे समजू. तर टाकी कोरडी पडल्यावरही गाडी आणखी एक किलोमीटर जाऊ शकेल.

पण हा किलोमीटर सुखाचा नसतो. वाटीतली पातळी खाली जाऊ लागली की हवेच्या झोताबरोबर पूर्वीइतके पेट्रोल वर ओढले जात नाही. हवा तेवढीच राहते आणि पेट्रोल कमी होते. मिश्रण ‘पातळ’ होते. पातळ मिश्रण सावकाश जळते. ते इतके सावकाश जळते, की पुढच्या खेपेचे मिश्रण आत घेण्यासाठी झडप उघडावी तरी सिलिंडरमध्ये ज्वाला शिल्लकच असते. ती नव्या मिश्रणाला पेटवते आणि कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येतो. मिश्रण आणखी पातळ झाले की ठिणगी पडूनही ते पेटत नाही. मग एखादा सिलिंडर काम करतो, एखादा चुकतो, आणि गाडी लंगडत चालल्यासारखी गचके खाते. शेवटी एकही सिलिंडर पेटत नाही आणि इंजिन थांबते.

एम.जी.बी.सारख्या गाडीत पेट्रोल संपल्याचा आणखी एक इशारा मिळतो, आणि तो कानांना ऐकू येतो. या गाड्यांत टाकीतले पेट्रोल पुढे पाठवण्यासाठी गाडीच्या मागच्या भागात एक विजेवर चालणारा पंप बसवलेला असतो. त्यात विद्युतचुंबक एक पडदा ओढतो आणि स्प्रिंग तो परत ढकलते. प्रत्येक वेळी ‘टिक्’ असा आवाज होतो. किल्ली फिरवली की सुरुवातीला टिकटिक भराभर होते. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की पेट्रोलला पुढे जायला वाट उरत नाही, पंपावर दाब येतो आणि टिकटिक थांबते. पण टाकीत पेट्रोलच नसेल तर पंप नुसती हवा ओढतो. हवेचा विरोध तो कितीसा? म्हणून टिकटिक अखंड आणि वेगाने सुरू राहते. जाणकार मालक या आवाजावरून समजतो, की दोष इंजिनात नाही, टाकीत आहे.

काटा खोटे का बोलतो?

आता त्या पाव टाकी दाखवणाऱ्या काट्याकडे वळू. टाकीच्या आत एका दांडीच्या टोकाला फ्लोट बांधलेला असतो. पेट्रोलच्या पातळीबरोबर तो वर-खाली होतो. दांडीचे दुसरे टोक विजेच्या रोधक तारेवरून सरकते. पातळी बदलली की रोध बदलतो, रोध बदलला की विजेचा प्रवाह बदलतो, आणि प्रवाहाप्रमाणे चालकासमोरचा काटा सरकतो.

अनेक जुन्या गाड्यांत काट्याच्या मागे दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. प्रवाहाने तिच्याभोवतीची तार तापते. दोन धातू तापल्यावर कमी-जास्त प्रसरण पावतात, त्यामुळे पट्टी वाकते आणि काटा हलतो. पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून किल्ली फिरवल्यावर काटा एकदम न उसळता सावकाश वर चढतो. हा सावकाशपणा उपयोगाचाही आहे. रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे टाकीतले पेट्रोल हिंदकळत असते. काटा चपळ असता तर तो सारखा नाचतच राहिला असता.

या सगळ्या व्यवस्थेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फ्लोट पेट्रोलची उंची मोजतो, घनफळ नव्हे. टाकी खोक्यासारखी सरळ भिंतींची असेल तर उंची आणि घनफळ बरोबरीने कमी होतात. पण टाकीचा आकार वेगळा असला की हिशेब चुकतो.

ट्रक आणि टँकर यांच्या टाक्या पुष्कळदा आडव्या ठेवलेल्या पिंपासारख्या असतात. अशा ४० लिटरच्या पिंपाचा विचार करू. त्याचा व्यास ४० सेंटिमीटर आहे. काठी घालून पाहिली तर ती १० सेंटिमीटर ओली होते. उंची पाव आहे, म्हणजे १० लिटर शिल्लक असतील असे आपल्याला वाटते. पण वर्तुळाचा तळाचा भाग अरुंद असतो. वर्तुळखंडाचे क्षेत्रफळ काढले तर ते पूर्ण वर्तुळाच्या फक्त १९.६ टक्के भरते. म्हणजे टाकीत ८ लिटरही नाहीत. काठी ४ सेंटिमीटर ओली झाली, तर उंची एक दशांश आहे. पण इंधन फक्त ५.२ टक्के, म्हणजे सुमारे २ लिटर! ४ लिटरच्या भरवशावर निघालेला माणूस अर्ध्या वाटेतच अडकेल.

अशा टाकीतली पातळी कशी उतरते हेही पाहा. पहिल्या पाव उंचीला ७.८ लिटर खर्च होतात. नंतरच्या पाव उंचीला मात्र १२.२ लिटर लागतात. तिसऱ्या पाव उंचीलाही तेवढेच, आणि शेवटच्या पाव उंचीला पुन्हा ७.८ लिटरच. म्हणून काटा आधी भराभर उतरतो, मध्ये रेंगाळतो आणि शेवटी पुन्हा घाईने खाली येतो. “शेवटचे पेट्रोल लवकर संपते” असे चालक म्हणतात ते नुसते मनाचे खेळ नव्हेत.

काट्याच्या चुकीची आणखी कारणे आहेत. गाडी चढावर असली की पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला जमते. गाडी वळणावर असली की ते बाहेरच्या बाजूला ढकलले जाते. शर्यतीच्या मोटारींत याचा मोठा त्रास होतो. समजा, एक गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने ८० मीटर त्रिज्येचे वळण घेत आहे. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केले की केंद्राकडील त्वरण मिळते. ४०० भागिले ८०, म्हणजे सेकंद वर्गाला ५ मीटर. हे गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याहून किंचित जास्त आहे. अशा वेळी टाकीतील पेट्रोलचा पृष्ठभाग सुमारे २७ अंशांनी तिरपा होतो! टाकीत पेट्रोल थोडे असेल, तर ते सगळे एका कडेला चढते आणि पंपाच्या नळीचे तोंड उघडे पडते. सरळ रस्त्यावर ठीक चालणारी गाडी वळणावर गचका खाते ती यामुळे. म्हणून शर्यतीच्या गाड्यांच्या टाकीत आडव्या भिंती बसवून पेट्रोलची धावपळ रोखतात.

काट्याशिवाय चालणाऱ्या गाड्या

काटा इतका फसवा असेल तर तो नसलेलाच बरा, असे कुणाला वाटेल. तशाही गाड्या होत्या. १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेल्या एम.जी. टी.सी. या प्रसिद्ध मोटारीत पेट्रोलचा काटाच नव्हता. टाकीत सुमारे तीन गॅलन पेट्रोल उरले की समोर एक लहान हिरवा दिवा लागे. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलमध्येही बरीच वर्षे काटा नव्हता. इंजिन गचके खाऊ लागले की चालकाने पायाशी असलेली एक मूठ फिरवायची, की राखीव पेट्रोल सुरू होई.

ही युक्ती आपल्या परिचयाची आहे. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यात १९७२ पासून तयार होऊ लागलेली ‘चेतक’ स्कूटर कित्येक वर्षे महाराष्ट्राच्या गावागावांत धावत होती. तिच्या पेट्रोलच्या नळाला तीन जागा असत : चालू, बंद आणि रिझर्व्ह. पुष्कळांना वाटे, की रिझर्व्हसाठी आत वेगळी टाकी असते. तसे नव्हते. टाकी एकच, पण नळाला आत दोन तोंडे होती. एक तोंड उभ्या नळीच्या टोकाला, तळापासून काही सेंटिमीटर उंचीवर. दुसरे अगदी तळाशी. नेहमी पेट्रोल वरच्या तोंडातून येई. पातळी त्याच्या खाली गेली की स्कूटर बंद पडू लागे. मग नळ फिरवला की तळाचे तोंड उघडे. विजेची तार नाही, फ्लोट नाही, तरी सूचना कधी चुकत नसे. मात्र एक अट होती. पेट्रोल भरल्यावर नळ पुन्हा ‘चालू’वर आणण्याची आठवण ठेवावी लागे! ती विसरणारा माणूस पुढच्या खेपेला हमखास रस्त्यावर उभा राही.

रिझर्व्हही संपले, की लोक स्कूटर एका बाजूला कलती करून पुन्हा सरळ करीत आणि किक मारीत. टाकीचा तळ सपाट असल्याने कडेला साठलेले चार थेंब नळाच्या तोंडाशी येत आणि स्कूटर थोडे अंतर जाई. द्रवाचा पृष्ठभाग नेहमी आडवा राहतो, हा नियम त्यांना पुस्तकात वाचावा लागला नव्हता.

पेट्रोल आहे, पण गाडी चालत नाही

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा जुन्या गाड्यांत एक निराळीच अडचण उभी राहते. गाडी पेट्रोल संपल्यासारखी गचके खाऊन थांबते, पण टाकी अर्धी भरलेली असते!

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५-४० अंश सेल्सियसलाच उकळू लागतात, तर जड घटकांना २०० अंशांच्या आसपास तापवावे लागते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या ‘पद्मिनी’सारख्या गाड्यांत पेट्रोलचा पंप थेट इंजिनाच्या अंगाला बसवलेला असे. इंजिन तापले की पंपातले आणि नळीतले पेट्रोल उकळून त्याचे बुडबुडे होत. पंपाचा पडदा द्रवाला ढकलू शकतो, कारण द्रव दाबला जात नाही. वाफेचा बुडबुडा मात्र दाबला की लहान होतो आणि सोडला की पुन्हा फुगतो. पंप हलत राहतो, पण पेट्रोल जागचे हलत नाही. याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. मराठीत वाफेची कोंडी म्हणता येईल.

त्या काळचे चालक यावर एक साधा उपाय करीत. पंपावर ओले फडके ठेवायचे आणि सावलीत थोडे थांबायचे. फडक्यातल्या पाण्याचे बाष्पीभवन होताना ते पंपाची उष्णता शोषून घेते, वाफ पुन्हा द्रव होते आणि कोंडी सुटते. माठातले पाणी ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने गाडी चालू होते.

ट्रॅक्टर ‘एअर घेतो’ म्हणजे काय?

आता ट्रॅक्टरकडे वळू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती खूप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. हा फवारा सोडण्यासाठी फार मोठा दाब लागतो. हवेच्या दाबाच्या शेकडो पट!

डिझेल संपेपर्यंत ट्रॅक्टर चालवला तर टाकीपासून फवाऱ्यापर्यंतच्या नळ्यांत हवा शिरते. त्यानंतर डिझेल भरले तरी मध्ये हवेचा बुडबुडा अडकून राहतो. पंप दाब देतो, पण तो सगळा बुडबुडा आकुंचित करण्यात खर्च होतो. फवाऱ्याची झडप उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. यालाच शेतकरी “इंजिनाने एअर घेतली” असे म्हणतात. मग फिल्टरजवळचा आणि पंपाजवळचा स्क्रू सैल करून हातपंप मारतात. आधी फेसाळ डिझेल येते. बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू आवळतात. या कामाला ‘एअर काढणे’ म्हणतात. पेट्रोलच्या जुन्या गाडीत हा खटाटोप नसतो, कारण तिथे कार्ब्युरेटरची वाटी वरून उघडीच असते. तिच्यात हवा अडकून बसत नाही.

आजच्या पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर नाही. त्यांचा विजेचा पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवते. टाकी वारंवार कोरडी करणाऱ्या माणसाला म्हणूनच कधीतरी नवा पंप विकत घ्यावा लागतो.

ऊस आणि किलोमीटर

माजलगाव तालुक्यात सिंदफणा नदीवर मोठे धरण आहे आणि त्या भागात ऊस पिकतो. उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल तयार होते. २०२५ साली आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे शेतातल्या उसाचा अंश आता मोटारीच्या टाकीत असतो.

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये ऊर्जा सहा-सात टक्के कमी भरते. इंजिनाची कार्यक्षमता तीच राहिली तर अंतरही साधारण त्याच प्रमाणात घटेल. जुना मालक ‘या टाकीत अमुक किलोमीटर’ असा आपला जुना हिशेब धरून बसला, तर मुक्कामाच्या थोडे अलीकडे अडकेल. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या प्रकारचे रबर त्याने खराब होते. म्हणून जुन्या गाड्यांच्या नळ्या तपासून बदलाव्या लागतात.

आकाशात इंधन संपले

जमिनीवर इंधन संपले तर गाडी कडेला उभी करता येते. आकाशात काय करणार? २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात हा प्रसंग खरोखर घडला. एअर कॅनडाचे बोइंग ७६७ जातीचे विमान ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी घेऊन चालले होते. त्याचे इंधनदर्शक बंद होते, म्हणून टाकीत मोजपट्टी घालून इंधन मोजले गेले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवे होते.

लिटरचे किलोग्रॅम करण्यासाठी सुमारे ०.८ ने गुणायला हवे होते. प्रत्यक्षात १.७७ ने गुणले गेले. १.७७ हा आकडा चुकीचा नव्हता, पण तो एका लिटरचे वजन पौंडांत सांगत होता! त्यामुळे विमानात १३,५९७ ‘किलो’ इंधन आहे असा समज झाला आणि आणखी सुमारे २०,००० लिटर भरण्याऐवजी फक्त ४,९०० लिटरच्या आसपास भरले गेले. प्रत्यक्षात विमानात हव्या असलेल्या इंधनाच्या निम्मेही नव्हते.

उंच आकाशात आधी एक आणि मग दुसरे इंजिन बंद पडले. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना इंजिनाशिवाय उडणारी ग्लायडर विमाने चालवण्याचा अनुभव होता. त्यांनी आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते अवजड विमान तरंगत तरंगत गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. योगायोग असा, की त्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीचा मेळावा भरला होता! माणसे बाजूला पळाली. विमानाचे पुढचे चाक मुडपले, पण एकही जीव गेला नाही.

आपल्या देशात १९५६ च्या कायद्यानंतर शेर, गॅलन, पौंड मागे पडून लिटर आणि किलो आले. त्या वेळी अनेकांना हा बदल कटकटीचा वाटला होता. दोन मोजमापे एकत्र नांदू लागली की काय होते, ते गिमलीने दाखवले. तुमचे गुरुजी उदाहरणाच्या उत्तरापुढे एकक लिहिले नाही म्हणून गुण कापतात, तेव्हा हे विमान आठवा.

रस्त्यात अडकल्यावर

जगातली पहिली लांबची मोटारसफरही इंधनासाठी अडली होती. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाई आपल्या दोन मुलांना घेऊन पतीने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर होते. गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये साडेचार लिटर इंधन मावे आणि पेट्रोलपंप तर जगातच नव्हते. वाटेत वीसलोख गावी त्यांनी औषधाच्या दुकानात डाग काढण्यासाठी विकला जाणारा लिग्रोइन नावाचा द्रव विकत घेतला आणि गाडीत ओतला. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून ती मोकळी केली.

त्यांचे धाडस कौतुकाचे आहे. पण आपल्या रस्त्यांवर इंधन संपल्यावर जे धाडस होते, ते पुष्कळदा घातक असते. दोन गोष्टी तर कधीही करू नका.

पहिली गोष्ट, नळी तोंडात धरून पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल ओढू नका. गावात हे सर्रास चालते. नळीतून सायफनने द्रव वाहतो हे खरे, पण सुरुवातीला तोंडाने ओढताना एखादा घोट घशात जातो. पेट्रोल पाण्यापेक्षा फार पातळ असते. ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत सहज उतरते आणि फुप्फुसात पसरून जीवघेणा न्यूमोनिया करते. कुणाच्या पोटात ते गेलेच, तर त्याला ओकारी काढायला लावू नका. ओकताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका आणखी वाढतो. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या. द्रव काढायचाच असेल तर त्यासाठी हातपंप मिळतो.

दुसरी गोष्ट, पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत पेट्रोल आणू किंवा साठवू नका. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंशांनाही पेट घेऊ शकते, मग आपल्या उन्हाळ्याची काय कथा! ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंत किंवा विडीपर्यंत पोहोचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झाले, तरी एक ठिणगी पुरते.

करून पाहा

एक लिटरची गोल, सरळ अंगाची बाटली घ्या. तिला आडवी ठेवून वरच्या अंगाला शिक्षकांकडून एक भोक पाडून घ्या. बूच घट्ट लावा. बाटलीला शेजारी उभी मोजपट्टी लावा. आता भोकातून ५० मिलिलिटरच्या मापाने पाणी ओता आणि प्रत्येक मापानंतर पाण्याची उंची लिहून ठेवा. आडव्या अक्षावर उंची आणि उभ्या अक्षावर घनफळ घेऊन आलेख काढा. रेषा सरळ येत नाही; ती दोन्ही टोकांना मंद चढते आणि मध्ये उभी चढते. मग त्याच आलेखावरून एका काठीवर १००, २००, ३०० मिलिलिटरच्या खुणा करा. या खुणा सारख्या अंतरावर येणार नाहीत. तळाजवळ आणि वरच्या टोकाला त्या विरळ असतील, मध्ये दाट. ही झाली तुमच्या टाकीची खरे बोलणारी काठी. हा प्रयोग पाण्यानेच करायचा, हे सांगायला नकोच.

दिंद्रुडच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्या मोटारमालकांनी अशी काठी आणि एक छोटी वही जवळ ठेवली असती, तर त्यांना ट्रॅक्टरवाल्याची वाट बघावी लागली नसती. वहीत दोनच गोष्टी लिहायच्या : टाकी पूर्ण भरली तेव्हाचे किलोमीटर, आणि पुढच्या खेपेला पूर्ण भरायला लागलेले लिटर. भागाकार केला की आपली गाडी किती पिते ते कळते. काटा चुकतो, दिवा जळून जातो, पण हा भागाकार चुकत नाही. मात्र आकड्यांपुढे एकके लिहायला विसरू नका.